ओडकमचा थॉमस आणि सुवाळीचे दोन दगड

सुरतेहून हजिऱ्याच्या बाजूने समुद्राकडे निघाले की सुवाळीचा किनारा लागतो. आज त्या भागात मोठमोठे कारखाने उभे आहेत, आणि सुटीच्या दिवशी सुरतेची कुटुंबे मुलाबाळांसह तेथे वाळूत बसायला जातात. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी मात्र सुरतेच्या व्यापारासाठी येणारी इंग्रजांची गलबते याच किनाऱ्यापाशी नांगर टाकीत असत. सन १६२७ मध्ये थॉमस हर्बर्ट नावाचा एक तरुण इंग्रज प्रवासी येथे उतरला. त्या वेळी इराणच्या एका वकिलाचा येथे अंत झाला होता. त्याच्या दफनाची हकीकत लिहिताना हर्बर्टने आणखी एका कबरेची नोंद केली. वकिलाच्या कबरेपासून धोंडा फेकला तर पोहोचेल एवढ्या अंतरावर ती होती, आणि आत कोण निजले आहे हे सांगायला तिच्यावर दोन साधे दगड तेवढे होते. ती कबर थॉमस कोरियट याची होती.

वाचकहो, हा माणूस मिशनरी नव्हता, व्यापारी नव्हता आणि शिपाईही नव्हता. तो इंग्लंडातील एका खेड्यातल्या पाळकाचा मुलगा होता. सर्व जगाने आपले नाव घ्यावे, ही एकच भूक घेऊन तो पायी आपल्या देशापर्यंत चालत आला आणि आपल्या सुरतेत मेला. त्याच्या चरित्रात हसण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु ज्यांची मुले पाळकाच्या किंवा शिक्षकाच्या घरात वाढत आहेत, आणि जे स्वतः वेदीजवळ उभे राहून बोलतात, त्यांनी ते चरित्र हसून सोडून देऊ नये असे मला वाटते.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट परगण्यात, योव्हिल या बाजाराच्या गावापासून थोड्या अंतरावर उंचवट्यावर ओडकम नावाचे खेडे आहे. जवळच हॅम हिल नावाची टेकडी आहे. तिच्या खाणीतला मधाच्या रंगाचा पिवळसर दगड त्या भागातील घरांना आणि उपासनामंदिरांना वापरलेला दिसतो. सन १५७० पासून या गावाचे पाळक होते जॉर्ज कोरियट. ते विद्वान होते आणि लॅटिन भाषेत कविता करीत. त्यांची पत्नी गर्ट्रूड. सन १५७७ च्या सुमारास त्यांना थॉमस हा मुलगा झाला.

त्या काळचे इंग्लंडातील खेडे कसे होते, हे संडे स्कूलच्या शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे. राणी एलिझाबेथ पहिली गादीवर होती. उपासना लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत, इंग्रजीत होऊ लागली होती. रविवारी चर्चला न येणाऱ्याला बारा पेन्स दंड भरावा लागे. सन १५३८ च्या आज्ञेप्रमाणे प्रत्येक गावच्या चर्चमध्ये एक मोठे इंग्रजी पवित्र शास्त्र लोकांना वाचता येईल अशा जागी ठेवायचे होते. त्याच वर्षीच्या आज्ञेने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवण्याचे कामही पाळकांवर सोपवले गेले. संडे स्कूल ही चळवळ पुढे १७८० मध्ये ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी नावारूपाला आणली. परंतु त्याच्या दोनशे वर्षे आधीही रविवारच्या संध्याकाळच्या उपासनेपूर्वी अर्धा तास पाळकाने मुलांना बसवून धर्मप्रश्नोत्तरी शिकवावी असा नियम होता, आणि आईबापांनी मुलांना व धन्यांनी नोकरांना तिकडे पाठवावे अशी अपेक्षा होती. त्या प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न मुलाला त्याचे नाव विचारतो. दुसरा प्रश्न विचारतो की हे नाव तुला कोणी दिले. बाप्तिस्म्याच्या वेळी ते मिळाले, असे उत्तर मूल देते. पाळकाच्या घरात वाढलेल्या थॉमसनेही हेच धडे गिरवले असतील. नाव हे मिळालेले दान आहे, ही गोष्ट त्याच्या कानावर लहानपणीच पडली असणार. पुढे आयुष्यभर तो नाव कमवायला धावत राहिला.

मुलगा हुशार होता. सन १५९१ मध्ये त्याला विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेत घातले, आणि १५९६ मध्ये तो ऑक्सफर्डला ग्लॉस्टर हॉलमध्ये गेला. ग्रीक भाषेत त्याने चांगली गती मिळवली. पदवी मात्र न घेताच तो तेथून निघाला. सन १६०३ मध्ये जेम्स राजा गादीवर आल्यावर थोरला राजपुत्र हेन्री याच्या दरबारात त्याला थारा मिळाला. पण तो कशासाठी? लोकांनी हसावे म्हणून. त्याच्या बोलण्यातील मोठमोठे शब्द, त्याची वागण्याची तऱ्हा, इतकेच काय, त्याच्या डोक्याचा विचित्र आकार, यांवर दरबारी लोक विनोद करीत. तोही उलट उत्तर देण्यात कमी नव्हता. परंतु ज्याला विद्वान म्हणून मान हवा होता त्याला विदूषक म्हणून पंगतीत जागा मिळाली, हे शल्य त्याला जन्मभर टोचत राहिले असावे.

सन १६०७ मध्ये वडील वारले, आणि त्यांना ओडकमच्या चर्चमध्येच मूठमाती मिळाली. पुढच्या वर्षी, १४ मे १६०८ रोजी, थॉमस डोव्हर बंदरातून युरोपच्या प्रवासाला निघाला. फ्रान्समधून आल्प्स पर्वत ओलांडून तो व्हेनिसला गेला, तेथे सहा आठवडे राहिला, आणि स्वित्झर्लंड, जर्मनी व हॉलंड या वाटेने ऑक्टोबरात लंडनला परतला. त्याच्या हिशेबाने एकूण १९७५ मैलांची मजल झाली, आणि परतीची बरीचशी वाट त्याने पायीच तुडवली. ज्या एका जोडाने त्याने हा प्रवास केला तो जोडा त्याने ओडकमच्या चर्चमध्ये टांगून ठेवला. पुढे कित्येक वर्षे तो तेथे लोंबत होता. प्रवासातून सुखरूप आलो म्हणून देवाचे आभार मानणे उचित होते. पण उपासनेला येणाऱ्यांची नजर वर जाई तेव्हा ती प्रभूच्या कृपेकडे वळे की थॉमसच्या पायांकडे, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

सन १६११ मध्ये त्याने या प्रवासाचे जाडजूड पुस्तक काढले. छापायला कोणी तयार होईना, तेव्हा खर्च त्याने स्वतः केला. त्या काळच्या अनेक नामांकित कवींनी पुस्तकाच्या आरंभी त्याच्यावर थट्टेच्या कविता लिहून दिल्या, आणि राजपुत्राच्या आग्रहाने त्या सर्व छापाव्या लागल्या. इटलीतील लोक जेवताना काट्याने अन्न उचलतात आणि उन्हातून जाताना डोक्यावर छत्री धरतात, या गोष्टी इंग्रज वाचकांना त्याने नवलाने सांगितल्या. त्याच वर्षी, १६११ मध्ये, जेम्स राजाच्या आज्ञेने झालेले पवित्र शास्त्राचे इंग्रजी भाषांतरही बाहेर पडले. त्यासाठी झटणाऱ्या पन्नासच्या आसपास विद्वानांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. त्यांनी केलेले काम मात्र जगभर वाचले गेले.

थॉमसच्या पायांना पुन्हा चैन पडेना. सन १६१२ मध्ये ओडकमच्या चौकातील दगडी क्रुसापाशी उभे राहून त्याने गावकऱ्यांना निरोपाचे भाषण केले, आणि दहा वर्षांसाठी जात आहे असे सांगून तो निघाला. तो कॉन्स्टँटिनोपलला पोहोचला. तेथे अनेक महिने राहून पुढे अलेप्पोला गेला. सन १६१४ च्या एप्रिलात त्याने यरुशलेमेचे दर्शन घेतले आणि यात्रेकरूंच्या रीतीप्रमाणे मनगटांवर क्रूस गोंदवून घेतले. त्याच सप्टेंबरात अलेप्पोहून एका काफिल्याबरोबर तो पूर्वेकडे चालू लागला. इराण, कंदाहार, मुलतान, लाहोर, दिल्ली, आग्रा अशी वाट तुडवीत १६१५ च्या जुलैत तो अजमेरला पोहोचला. तेथे त्या वेळी जहांगीर बादशहाचा मुक्काम होता. अलेप्पोपासून अजमेरपर्यंतच्या दहा महिन्यांच्या प्रवासाला आपल्याला अवघे तीन पौंड खर्च आला, असे त्याने घरी कळवले. वाटेत इराणच्या सरहद्दीजवळ त्याला सर रॉबर्ट शर्ली नावाचा इंग्रज भेटला. शर्लीने आपल्या सामानातून थॉमसचीच पुस्तके काढून दाखवली, तेव्हा त्या वाळवंटात त्याला केवढा आनंद झाला असेल!

त्याच १६१५ च्या सप्टेंबरात जेम्स राजाचे वकील सर थॉमस रो हे सुवाळीला उतरले. सुरतेहून नंदुरबार, चोपडा या आपल्या खानदेशच्या वाटेने ते बऱ्हाणपूरला गेले आणि तेथून अजमेरला पोहोचले. थॉमसला आता त्यांचा आधार मिळाला. पुढे पाद्री एडवर्ड टेरी हे रो साहेबांचे धर्मगुरू म्हणून आले. थॉमस त्यांच्याच खोलीत किंवा तंबूत राहू लागला. आज या माणसाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातील फार मोठा भाग या टेरी साहेबांनी लिहून ठेवला म्हणूनच आहे.

थॉमसला भाषांची विलक्षण देणगी होती. वाटेत त्याने तुर्की, अरबी आणि फारसी शिकून घेतली, आणि येथे आल्यावर हिंदुस्तानीही. वकिलाच्या घरी कपडे धुणारी एक बाई होती. तिची जीभ सकाळपासून सूर्यास्तापर्यंत थांबत नसे. एके दिवशी थॉमसने तिच्याच भाषेत तिच्याशी सामना केला, आणि सकाळचे आठ वाजण्याच्या आत तिला निरुत्तर केले! टेरी साहेबांनी ही गोष्ट मोठ्या गमतीने सांगितली आहे. बादशहापुढे त्याने फारसीत भाषण केले, तेव्हा बादशहाने झरोक्यातून त्याच्यापुढे शंभर रुपये टाकले. एका इंग्रजाने बादशहापुढे हात पसरावा, याचा रो साहेबांना राग आला. थॉमसने त्यांना ठणकावून उत्तर दिले.

परंतु एक प्रसंग गंभीर आहे. आग्र्यास असताना मशिदीतून अजान सुरू झाली, तेव्हा थॉमस समोरच्या एका उंच जागी चढला आणि त्याने मोठ्याने उलट घोषणा केली. ख्रिस्त देवाचा पुत्र आहे हे त्याने सांगितलेच, पण खाली उभे असलेल्यांच्या श्रद्धेचा अपमानही केला. टेरी साहेबांच्या मते दुसऱ्या एखाद्या राज्यात त्याचा जीव गेला असता. आग्र्याच्या लोकांनी त्याला वेडा समजून सोडून दिले. मी स्वतः उपदेश करणारा आहे, म्हणून हा प्रसंग वाचताना मी थांबतो. त्याच्या तोंडचे पहिले शब्द आपल्या विश्वासाचेच होते. पण ते ऐकून कोणाचे हृदय प्रभूकडे वळले असेल? आपल्या आशेचा हिशेब सौम्यतेने आणि आदराने द्यावा, असे प्रेषित पेत्राने मंडळ्यांना शिकवले आहे. उंचावर चढून ओरडणाऱ्या माणसाकडे लोक पाहतात, पण तो ज्याच्याविषयी ओरडतो त्याच्याकडे पाहतातच असे नाही. चर्चमध्ये टांगलेला जोडा आणि आग्र्याची ती घोषणा, यांमध्ये मला एकच भूक दिसते.

सन १६१६ च्या ऑक्टोबरात त्याने आग्र्याहून आईला लांब पत्र लिहिले. जगाने आपले नाव घ्यावे म्हणून धावणारा हा मुलगा हजारो मैलांवरून ओडकमच्या घरी बसलेल्या आईला सर्व हकीकत सांगतो आणि इतकी वर्षे दूर राहिल्याबद्दल तिची क्षमा मागतो. तो कोठेही गेला तरी स्वतःची ओळख ओडकमचा माणूस अशीच करून देई. ज्या खेड्यात त्याचे मन मावले नाही, ते खेडे त्याच्या जिभेवरून कधी उतरलेही नाही.

सन १६१७ मध्ये बादशहाचा मुक्काम मांडवगडला होता, आणि रो साहेब, टेरी साहेब व थॉमस तेथेच होते. थॉमसची प्रकृती खालावली होती. एके दिवशी तो दगडी खांबाला टेकून उभा असता एकाएकी बेशुद्ध पडला. सावध झाल्यावर त्याने मनातील भय सांगितले. आपण वाटेतच मेलो तर आपण पाहिलेले आणि लिहून ठेवलेले सर्व मातीत जाईल, आणि आपल्या प्रवासाची हकीकत आपल्या देशाला कधी कळणारच नाही, ही चिंता त्याला खात होती. त्याच सुमारास इंग्लंडहून आलेल्या एका व्यापाऱ्याने सांगितले की त्याने जेम्स राजापुढे थॉमसचा विषय काढला होता. राजा काय म्हणाला, हे ऐकण्यासाठी थॉमस अधीर झाला. राजाने एवढेच विचारले होते की तो मूर्ख अजून जिवंत आहे काय. इतक्या हजार मैलांच्या पायपिटीनंतर राजाच्या दारी त्याची किंमत पुन्हा विदूषकाचीच ठरली! रो साहेबांनी त्याला परतीच्या वाटेसाठी एक शिफारसपत्र दिले. त्यात त्याचे वर्णन प्रामाणिक पण बिचारा माणूस अशा अर्थाने केले होते. तेही त्याच्या जिव्हारी लागले. रो साहेबांनी ते शब्द बदलून दिले.

अशा मनाने आणि आजारी शरीराने तो मांडवगडहून सुरतेला निघाला. सुमारे तीनशे मैलांची वाट चालून तो येथे पोहोचला. सुरतेच्या इंग्रजांनी आपल्या देशाच्या माणसाचे प्रेमाने स्वागत केले, आणि नुकत्याच आलेल्या विलायती मद्याचा प्याला पुढे केला. त्याला आधीच हगवण लागली होती. मद्याने ती वाढली, आणि १६१७ च्या डिसेंबरात, वयाच्या चाळिशीच्या आसपास, थॉमस कोरियट मरण पावला. टेरी साहेबांनी याच बंदरांविषयी आणखी एक गोष्ट लज्जेने नमूद केली आहे. इंग्रज खलाशांचे दारू पिणे आणि मारहाण पाहून येथील लोक म्हणत की ख्रिस्ती लोकांचा धर्म हा सैतानाचाच धर्म असला पाहिजे. मनोऱ्यावरील घोषणा लोकांनी एकदा ऐकली आणि विसरून गेले. रस्त्यावरचे आपले वागणे मात्र ते रोज वाचीत होते. ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांनाच लागू आहे असे समजून आपण निर्धास्त राहू नये.

त्याने आईला लिहिलेले पत्र १६१८ मध्ये लंडनात छापून प्रसिद्ध झाले. तेव्हा लिहिणारा आपल्या सुरतेच्या मातीत निजला होता. त्याच्या पुष्कळशा टिपणांचे पुढे काय झाले कोणास ठाऊक. थोडा भाग तेवढा सॅम्युअल पर्चस यांनी १६२५ मध्ये छापला. ज्या भयाने तो मांडवगडला कोसळला होता, ते बरेचसे खरेच ठरले. परंतु एक गोष्ट त्याने गृहीत धरली नव्हती. त्याच्या शेजारी तंबूत झोपणारा पाद्री त्याला विसरला नाही. टेरी साहेब इंग्लंडला परतले आणि ग्रेट ग्रीनफर्ड येथे पाळक झाले. सन १६५५ मध्ये, म्हणजे थॉमसच्या मृत्यूनंतर जवळजवळ अडतीस वर्षांनी, त्यांनी आपल्या हिंदुस्थानच्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात या सोबत्याची गमतीदार बोलणी, त्याची हाव, त्याचे भय आणि त्याचा शेवट, हे सर्व मायेने लिहिले. थॉमसचा गर्व त्यांनी लपवला नाही. पण राजाने वापरलेला शब्द त्यांनी आपला शब्द करून घेतला नाही. स्वतःच्या धडपडीने जे टिकले नाही ते एका मित्राने टिकवले.

बंधुभगिनींनो, प्रभूचे सत्तर शिष्य कामगिरीवरून परत आले तेव्हा आपल्या हातून झालेल्या मोठ्या कृत्यांनी ते हर्षित झाले होते. प्रभूने त्यांना त्या हर्षापासून दूर वळवून दुसऱ्या हर्षाकडे नेले, की त्यांची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत. ओडकमच्या मुलाला बालपणी हेच शिकवले गेले होते, आणि तरीही ती गोष्ट त्याच्या हृदयात रुजली नाही. म्हणून केवळ घर पाळकाचे आहे, मूल प्रश्नोत्तरी घडाघडा म्हणते, एवढ्याने आपण समाधान मानू नये. आपल्या मुलांना आपण बक्षिसे देतो, स्टेजवर उभे करतो, टाळ्या वाजवतो. हे करावे. पण टाळ्या न मिळालेल्या मुलालाही आपले नाव प्रभूला ठाऊक आहे हे कळते काय? संडे स्कूलच्या शिक्षकाने हजेरी घेताना प्रत्येक नाव सावकाश उच्चारावे, आणि जे मूल आले नाही त्याचेही नाव घेऊन प्रार्थना करावी. कोणाला ठाऊक, आपल्या वर्गात एखादा थॉमस बसला असेल, आणि आपले नाव कोणीतरी मनापासून घ्यावे म्हणून तो वाट पाहत असेल.

सुवाळीच्या त्या परिसरातील एका घुमटाच्या जुन्या कबरेला लोक पुढे कोरियटची कबर म्हणू लागले. हर्बर्टला दिसलेले दोन साधे दगड मला त्या घुमटापेक्षा जास्त बोलके वाटतात. पुढच्या वेळी मुलांना घेऊन सुवाळीला गेलात तर वाळूत बसून त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. आणि परत निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे नाव घेऊन प्रभूचे आभार माना.